कौले बदलण्याआधी

घराच्या डागडुजीला हात घालण्याआधी आपण खर्च पाहतो, टिकाऊपणा पाहतो. बारवी धरणाचा इतिहास वाचताना मला त्याआधीचा प्रश्न दिसला : हे घर राहणार आहे का?

औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण १९७२ चे. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते प्रथमच ७२.६० मीटरपर्यंत भरले. मुरबाड तालुक्यातील तोंडली, मोहघर, काचकोली या गावांतल्या लोकांची घरे गेली.

बुडीत क्षेत्रातल्या माणसाने कौले बदलावीत, की गळके छप्पर सोसावे? भरपाईत घर मोजले जाते. वर्षानुवर्षांची ही घालमेल मोजली जात नाही. उल्हासनगरात नवी न्हाणी बांधताना नळातले पाणी बारवीचे आहे, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.