डोळ्यापर्यंतची वाट

आजीच्या डोळ्यात ड्रॉप टाकलाय कधी? निम्मं औषध गालावर ओघळतं, बरंचसं अश्रूंबरोबर नाकात उतरतं. आत पोचतं ते सहसा पाच टक्क्यांहूनही कमी. आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून डोळ्याच्या औषधांचा इतिहास हा बराचसा वाट शोधण्याचा इतिहास आहे.

त्यातली एक वाट कॅनडातून निघाली. व्हँकुव्हरच्या प्राध्यापक ज्युलिया लेव्ही यांच्या मुलांना सुट्टीत एका रानटी झाडाचा चीक लागला आणि ऊन पडताच अंगावर फोड आले. उजेड पडल्यावरच जागं होणारं रसायन! लेव्हींचं कुतूहल चाळवलं. अशी रसायनं आधी कॅन्सरवर वापरायचा विचार होता. पण लेव्हींच्या आईची नजर म्हातारपणी मॅक्युलाच्या आजाराने जात होती. त्याच्या एका प्रकारात पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, पाझरतात, आणि समोरच्याचा चेहराच दिसेनासा होतो.

व्हर्टेपॉर्फिन हे औषध हाताशी होतं, पण ते पाण्यात विरघळेना. मग शिरेतून द्यायचं कसं? इथे जुना शोध कामी आला. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवलं होतं, की लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात आपसूक सूक्ष्म पोकळ गोळ्या बनवतात. याच लिपोसोम. त्यांच्या स्निग्ध भिंतीत औषध बसलं.

दंडातल्या शिरेतून औषध द्यायचं आणि मग डोळ्यातल्या नेमक्या जागी ८३ सेकंद लाल लेझर सोडायचा. औषध तिथेच जागं होतं आणि पाझरणाऱ्या वाहिन्या बंद पडतात. अमेरिकेत २००० साली याला मान्यता मिळाली. उपचारानंतर पाच दिवस मात्र रुग्णाने उन्हापासून जपायचं. नजर वाचवायची, तर उजेडच टाळायचा!

गेलेली नजर सहसा परत येत नसे, घसरण तेवढी मंदावे. २००६ साली रॅनिबिझुमॅब आलं आणि अनेकांची नजर सुधारूही लागली. पण त्यासाठी सुई थेट डोळ्यात, तीही पुन्हा पुन्हा. आज नॅनोकणांवर काम करणारे संशोधक याच सुया कमी करायला धडपडताहेत: औषध आत जावं, आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं झिरपत राहावं.