कॅम्प

कॅम्प : तंबू, राहुट्या किंवा कामचलाऊ इमारती उभारून केलेला तात्पुरता मुक्काम. या इंग्रजी नामाचे मूळ लॅटिन ‘कांपुस’ (सपाट मैदान) या शब्दात आहे. प्राचीन रोममधील ‘कांपुस मार्तिउस’ या मैदानावर सैनिकी कवायती होत. मैदान, त्यावरील सैन्याचा तळ आणि पुढे कोणत्याही कारणाने एकत्र आलेल्यांचा मुक्काम, असा अर्थविस्तार होत गेला. सोळाव्या शतकात हा शब्द फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला. ‘कॅम्पस’ व ‘कॅम्पेन’ (मोहीम) हे शब्द त्याच मुळापासून निघाले आहेत.

मराठीत या अर्थच्छटा निरनिराळ्या शब्दांत विभागल्या आहेत. ‘छावणी’ या शब्दात छावणे म्हणजे आच्छादणे हा अर्थ आहे. मराठेशाहीत सैन्याच्या पावसाळी मुक्कामास छावणी म्हणत. आज दुष्काळात गुरांसाठी चारा छावण्या उघडतात. संस्कृत ‘शिबिर’ हाही मुळात सैन्याचा तळ. आता तो रक्तदान, प्रशिक्षण इ. उपक्रमांसाठी रूढ आहे. स्थलनामांत मात्र ‘कॅम्प’ हा शब्दच टिकला. उदा., पुणे कॅम्प, देवळाली कॅम्प, मालेगाव कॅम्प.

या शब्दाचे सर्वांत लक्षणीय स्थित्यंतर ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर येथे आढळते. दुसऱ्या महायुद्धकाळात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधण्यात आल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय या बराकींत करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नगराची कोनशिला बसविली. उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच विभागांची ‘कॅम्प १’ ते ‘कॅम्प ५’ ही ओळख मात्र कायम राहिली. येथे १९६० मध्ये नगरपालिका व १९९६ मध्ये महानगरपालिका आली. कॅम्प २ मधील गजानन मार्केट कापडासाठी प्रसिद्ध आहे. पत्त्यात बराक क्रमांक व खोली क्रमांक लिहिण्याचा प्रघात अद्याप आहे आणि पिन क्रमांकाचे (४२१००२) शेवटचे अंकही कॅम्पच्या क्रमांकाशी जुळतात.

सैनिकांचा तळ उठतो. घरदार मागे टाकून आलेल्यांना परतण्याची वाट नव्हती. त्यामुळे मुळात तात्पुरत्या मुक्कामाचा वाचक असलेला हा शब्द येथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या कायम वास्तव्याचा पत्ता झाला.