आकाशातील सूप

लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्र नसतो. दिव्यांकडून नजर काढून पूर्वेकडे पाहिले, तर कृत्तिकांचा पुंजका वर चढत असलेला दिसतो. आपल्या कार्तिकाला नाव मिळाले ते यांच्यावरूनच. नुसत्या डोळ्यांना तारे दिसतात सहा-सात. प्रत्यक्षात ते हजाराहून अधिक आहेत. सारी एकाच मेघातून जन्मलेली भावंडे. परंतु त्यांतले जड तारे मध्याकडे दाटलेले आणि हलके कडेला पांगलेले. ही निवड केली कोणी?

या कोड्याचे मर्म एका भारतीयाने उकलले. १९१० साली लाहोरला जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९४३ साली अमेरिकेतील यर्क्स वेधशाळेत होते. त्यांनी गणिताने दाखविले की, ताऱ्यांच्या गर्दीतून जड तारा धावू लागला म्हणजे त्याच्या ओढीने हलके तारे त्याच्या वाटेकडे वळतात. पण ते पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. म्हणून गर्दी जमते ती त्याच्या पाठीमागे, आणि तीच त्याला मागे खेचते. कोणी कोणाला शिवत नाही, तरी घर्षण घडते! जड तारा मंदावतो व मध्याकडे बुडत जातो. त्याने गमावलेली गती हलक्यांच्या पदरी पडते. त्यांतला एखादा तर इतका वेग घेतो की, घर कायमचे सोडून जातो.

हे डोळ्यांनी पडताळायला पुष्कळ काळ लागला. दक्षिण आकाशात सुमारे १५,००० प्रकाशवर्षांवर '४७ टुकानी' नावाचा प्रचंड तारकागुच्छ आहे. हबल दुर्बिणीने जवळजवळ सात वर्षे त्याची छायाचित्रे घेतली आणि सुमारे १५,००० ताऱ्यांचे सरकणे मोजले गेले. २००६ साली निष्कर्ष जाहीर झाला : जड तारे खरोखरच मंद चालतात. चंद्रशेखरांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

सुपात धान्य पाखडले की दाणा राहतो, फोल उडते. येथे मात्र उडतो त्याला मला फोल म्हणवत नाही. जड तारा उधळ्या. भराभर जळून लवकर विझतो. हलका काटकसरी. कृत्तिकांचे आजचे तेजस्वी तारे विझून गेल्यावरही, घराबाहेर पडलेले त्यांचे अंधूक भावंड अब्जावधी वर्षे तेवत राहील. मी शाळामास्तर, मला अशा वेळी मागच्या बाकांवरची मुले आठवतात.