सुटकेनंतरचे घर

प्रल्हादाची कथा परभणी जिल्ह्यात कोणास नव्याने सांगावयास नको. पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनास येणारा प्रत्येकजण ती लहानपणापासून ऐकत आला आहे. परंतु खांब दुभंगला, हिरण्यकशिपूचा अंत झाला, एवढ्यावर ती संपत नाही. पुढे प्रल्हादास राज्यावर बसविले गेले. सोडविलेल्यास उभे राहण्यापुरती जागा दिल्यावाचून सुटका पुरी होत नाही. स्त्रियांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध महाराष्ट्रात जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास मला या कसोटीवर आपणापुढे मांडावयाचा आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. अन्नान्न झालेल्या पोरक्या मुलींच्या मागावर तेथे दलाल हिंडत होते. रमाबाईंनी शेकडो मुली व विधवा केडगावास आणल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी मोठा वाद झाला, तो इतिहासाचा भाग आहेच. परंतु त्यांनी आश्रितांच्या हाती विणकाम, छपाई, शेती असे उद्योग दिले, आणि फसवणुकीस बळी पडलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हा निराळा विभाग काढला, हेही तितकेच खरे. पोटापाण्याचा उद्योग हाती आल्याखेरीज मुक्ती टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

सरकार या वाटेने फार उशिरा आले. १९१७ साली मुंबईत डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात एका स्त्रीचा छळ होऊन अंत झाला. त्या खटल्याने शहर हादरले. १९२१ मध्ये चौकशी समिती नेमली गेली व १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात प्रतिबंधक कायदा झाला. १९३४ मध्ये देवदासींच्या संरक्षणाचा कायदाही आला. पण परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. इलाख्याच्या सीमेपाशी ते कायदे थांबत, आणि मराठवाड्यातील मुलीला त्यांचा आधार नसे.

१९५० च्या राज्यघटनेने तेविसाव्या अनुच्छेदात माणसांच्या व्यापारास बंदी घातली. त्यानुसार १९५६ चा कायदा सर्व देशासाठी झाला. त्यात संरक्षणगृहांची तरतूद होती. हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु व्यवहारात संरक्षण आणि कैद यांतील अंतर पुसट होत गेले. आजही या कायद्यान्वये सोडविलेल्या स्त्रीस एक ते तीन वर्षे अशा गृहात ठेवण्याचा हुकूम देता येतो. जिने गुन्हा केला नाही, तिलाच कुलपामागे दिवस काढावे लागावेत, हा कोणता न्याय?

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत चारशेहून अधिक मुली एकदम सोडविल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या मुली पुष्कळ होत्या. धाड घालणे काही तासांचे काम. त्यांना ठेवायचे कोठे आणि घरी पोचवायचे कसे, हे काम महिनोगणती चालले. कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ पासून तेथील मुलांसाठी रात्रीचा निवारा चालविला होता. आईच्या मागोमाग मुलगीही त्याच व्यवसायात ओढली जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी. अशा संस्थांच्या आग्रहातून पुनर्वसनाचा प्रश्न पुढे आला. २००७ मध्ये केंद्राने ‘उज्ज्वला’ योजना काढली. २०२२ मध्ये ती ‘शक्ति सदन’ योजनेत विलीन झाली.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांना गृहात ठेवण्याचा हुकूम रद्द केला. सज्ञान स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही, हा त्याचा आशय. रमाबाईंच्या काळापासून चाललेल्या विचारात ही महत्त्वाची भर पडली: आधार द्यावा, पण तो घेण्या-न घेण्याचे स्वातंत्र्य तिचे असावे.

तेव्हा आज मागणी कशाची करावयाची? किती धाडी घातल्या याचा हिशेब सरकार देते. सुटलेल्यांपैकी किती जणी दोन वर्षांनंतर आपल्या पायांवर उभ्या आहेत, याचाही हिशेब मागितला पाहिजे. नुकसानभरपाई खटल्याच्या निकालासाठी अडून राहू नये. औषधोपचार, शिक्षण, काम आणि राहावयास जागा हे उपकार म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मिळावेत. आणि श्रोतेहो, एक गोष्ट कोणत्याही कायद्याच्या हातची नाही. अशी मुलगी गावी परत आली, तर पाणवठ्यावर आणि लग्नघरात तिला जागा देणे हे आपल्याच हाती आहे.