'मस्ट'ची गोष्ट

स्पेसिफिकेशन वाचणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा प्रकार. पण 'मस्ट' दिसलं की झोप उडते, कारण ते राहिलं तर क्लायंट बिल अडवणार!

गंमत म्हणजे हा शब्द मुळात इतका कडक नव्हताच. जुन्या इंग्रजीत 'मोटन' असं क्रियापद होतं. अर्थ काय, तर 'मुभा असणे'. आज 'मे' वापरतात तसं. त्याचं भूतकाळी रूप 'मोस्ते', आणि त्यातूनच आलं 'मस्ट'. हळूहळू मुभेची सक्ती झाली, मूळ वर्तमानकाळी रूप मागे पडलं आणि भूतकाळाचं रूपच त्या खुर्चीत येऊन बसलं. म्हणून तर मस्टला स्वतःचा भूतकाळ नाही, 'हॅड टू' उसनं आणावं लागतं. शाळेत आपण हे नुसतं घोकलं, कारण कुणी सांगितलंच नाही.

आपलं 'पाहिजे' तरी काय वेगळं? तेही 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप. 'पाहिलं जातं', म्हणजे शोधलं जातं, म्हणजे हवं आहे... आणि तिथून थेट 'केलंच पाहिजे'!

असो. आमच्या क्षेत्रात याचा निवाडा मार्च १९९७ मध्ये झाला. स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ मध्ये लिहून टाकलं की 'मस्ट' आणि 'शॅल' एकच, दोन्ही बंधनकारक. 'शुड' मात्र सबळ कारण असेल तर, परिणाम नीट समजून, टाळता येतं. मग लहान लिपीतल्या 'मस्ट'चं काय? त्याचं उत्तर यायला २०१७ उजाडलं. आरएफसी ८१७४ म्हणते, कॅपिटल अक्षरांत असेल तरच हा खास अर्थ. आयएसओवाल्यांचं आणखी तिसरंच: बंधनकारक गोष्टीला 'शॅल'च लिहा, त्याऐवजी 'मस्ट' चालणार नाही.

कोर्टात तर हे प्रकरण फारच महाग पडतं. 'शॅल' हा शब्द वकील कधी 'शुड', कधी चक्क 'मे' या अर्थानेही वापरतात, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या एका निकालात नोंदवलं. पुढे २००७ मध्ये तिथल्या फेडरल दिवाणी नियमांची भाषा सोपी करताना 'शॅल' काढून जागोजागी 'मस्ट' वगैरे घातलं. पण नियम ५६ मध्ये घातलं 'शुड'. वस्तुस्थितीबद्दल खरा वादच नसेल तर खटला न चालवता निकाल देण्याचा हा नियम. आता न्यायाधीशाने तो द्यायलाच हवा, की दिला तर बरं? भाषा सुधारायला गेले आणि अर्थच हलला. शेवटी २०१० मध्ये तेवढ्या एका जागी 'शॅल' परत आणून बसवलं.