आद्य ख्रिस्ती मंडळ्यांतील पाहुणे शिक्षक : आदरातिथ्य आणि पारख

प्रस्तावना

रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांत ज्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांना स्वतंत्र मंदिरे नव्हती आणि नव्या कराराचा सर्वमान्य ग्रंथसंग्रहही अद्याप निश्चित झालेला नव्हता. मंडळी बहुधा एखाद्या सभासदाच्या घरी जमत असे. उपदेशासाठी या मंडळ्या बऱ्याच अंशी गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांवर, संदेष्ट्यांवर आणि शिक्षकांवर अवलंबून होत्या. अशा पाहुण्याला घरात घेणे, जेवू घालणे, त्याचे बोलणे ऐकणे आणि त्याला पुढच्या वाटेला लावणे हे यजमान मंडळीचे कर्तव्य मानले जाई. धर्मप्रसाराच्या इतिहासात उपदेशकांची नावे ठळकपणे येतात, यजमानांचा मात्र ओझरता उल्लेख होतो. प्रस्तुत लेखात या प्रथेचा विचार यजमानाच्या बाजूने केला आहे. हे आदरातिथ्य केवळ शिष्टाचाराची बाब नव्हते. शिकवण खरी की खोटी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्याशी निगडित होता.

घर, पाठशाळा आणि शिफारसपत्र

नव्या करारात या प्रथेचे अनेक संदर्भ विखुरलेले आहेत. फिलिप्पै येथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेने पौल व त्याच्या सहकाऱ्यांना आग्रहाने आपल्या घरी ठेवून घेतले. करिंथ येथे पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे राहिला. तिघांचाही व्यवसाय तंबू करण्याचा असल्याने तो त्यांच्याबरोबर काम करू लागला. इफिस येथे सभास्थानात विरोध झाल्यावर पौलाने तुरन्नाच्या पाठशाळेत दररोज चर्चा चालविली आणि हा क्रम दोन वर्षे सुरू राहिला, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते.

यजमानाच्या भूमिकेच्या दृष्टीने अपुल्लोसाचा प्रसंग अधिक बोलका आहे. अपुल्लोस हा अलेक्झांड्रियाचा, वक्तृत्वसंपन्न आणि शास्त्रात पारंगत असा गृहस्थ होता. तो इफिसच्या सभास्थानात निर्भयपणे बोलू लागला, परंतु त्याला केवळ योहानाच्या बाप्तिस्म्याचीच माहिती होती. प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनी त्याचे बोलणे ऐकले, त्याला आपल्याकडे घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नेमकेपणाने समजावून दिला. पुढे तो अखयास जाण्यास निघाला, तेव्हा तेथील शिष्यांनी त्याचे स्वागत करावे म्हणून इफिसच्या बंधूंनी पत्र दिले. विद्वान वक्त्याची उणीव हाताने कष्ट करणाऱ्या एका दांपत्याने ओळखली, ती दूर केली आणि मगच त्याला पुढे पाठविण्यात आले. पाहुणा शिकवितो आणि यजमान शिकतो एवढेच हे नाते नव्हते, असे यावरून दिसते.

आदरातिथ्य नाकारणे हेही एक साधन होते. योहानाच्या दुसऱ्या पत्रात वेगळी शिकवण घेऊन येणाऱ्याला घरात घेऊ नये, असे बजावले आहे. तिसऱ्या पत्रात अनोळखी बंधूंना आश्रय देणाऱ्या गायसाची प्रशंसा आहे. त्याच पत्रात दियत्रफेसाविषयी तक्रारही आहे. तो स्वतः बंधूंचा स्वीकार करीत नाही आणि जे करू इच्छितात त्यांना अडवून मंडळीबाहेर घालवितो, असा आरोप त्याच्यावर केलेला आहे. दार उघडण्याची आणि बंद करण्याची सत्ता एका व्यक्तीच्या हाती गेली की मंडळीत किती ताण निर्माण होतो, याची ही आरंभीची नोंद होय.

'दीदाखे'तील नियम

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे 'दीदाखे' अथवा 'बारा प्रेषितांची शिकवण' ही 16 छोट्या प्रकरणांची ग्रीक पुस्तिका. फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना तिचे हस्तलिखित 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि 1883 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. हस्तलिखित 1056 सालचे असले तरी मूळ रचना पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची आणि बहुधा सीरियातील असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पुस्तिकेची 11 ते 13 ही प्रकरणे फिरत्या शिक्षकांविषयी आहेत. येणाऱ्या प्रेषिताचा प्रभूप्रमाणे स्वीकार करावा. त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दुसराही. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर तेवढी घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटाच. आत्म्याच्या प्रेरणेने भोजनाचे ताट मांडण्यास सांगून जो स्वतःच त्यातून जेवतो, तो खरा नव्हे. पैसा गरजूंसाठी मागितला असेल, तर मात्र कोणी दोष देऊ नये. जो सत्य शिकवितो परंतु तसे वागत नाही, त्यालाही खोटाच मानावे.

मंडळीत स्थायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत. सामान्य प्रवाशाला एखादा हुन्नर येत असेल, तर त्याने काम करून खावे. येत नसेल, तर मंडळीने विचारपूर्वक सोय करावी, मात्र कोणी आळसात राहू नये. हे न मानणाऱ्यासाठी 'ख्रिस्ताचा व्यापार करणारा' अशा अर्थाचा एक ग्रीक शब्द पुस्तिकेत योजिला आहे. उलट, खरा संदेष्टा किंवा खरा शिक्षक आपल्या अन्नास पात्र आहे. संदेष्ट्यांना द्राक्षकुंडातील, खळ्यावरील आणि गुराढोरांतील प्रथमफळे द्यावीत आणि मंडळीत संदेष्टा नसेल, तर ती गरिबांना द्यावीत, असे सांगितले आहे.

या नियमांचे वैशिष्ट्य असे की, ते धर्मशास्त्रात पारंगत नसलेल्या माणसालाही वापरता येतात. मुक्कामाचे दिवस मोजता येतात, मागितलेला पैसा दिसतो, ताटातून कोण जेवला हे कळते. संदेष्टा आत्म्याच्या प्रेरणेने बोलत असताना त्याची परीक्षा पाहू नये, असे पुस्तिका सांगते, परंतु त्याची वागणूक तपासण्याची मुभा देते. भारतीय वाचकाला येथे 'मनुस्मृती'तील अतिथीची व्याख्या आठवेल. एक रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी, असे ती सांगते. दोन परंपरांचा या बाबतीत परस्परसंबंध दाखविता येत नाही. तथापि, आदर निर्मळ राहावा म्हणून मुक्कामाला मर्यादा घालण्याची गरज दोन्हीकडे जाणवली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

लुबाडणुकीचा धोका

हे नियम निष्कारण नव्हते. दुसऱ्या शतकातील उपहासकार लुकियान याने पेरेग्रिनस या व्यक्तीवर लिहिलेल्या ग्रंथात ख्रिस्ती लोकांच्या आदरातिथ्याचे बाहेरच्या नजरेतून चित्र रेखाटले आहे. पेरेग्रिनसाने इ. स. 165 मध्ये ऑलिंपिक उत्सवाच्या वेळी स्वतःला जाळून घेतले. लुकियानच्या कथनानुसार तो काही काळ ख्रिस्ती मंडळ्यांत मानाचे स्थान मिळवून होता. तो तुरुंगात असताना विधवा व अनाथ मुले पहाटेपासून दाराशी थांबत, आशिया प्रांतातील नगरांतून मदतीसाठी माणसे येत आणि त्याला पुष्कळ पैसा मिळाला. एखादा धूर्त माणूस या भाबड्या लोकांत आला की पाहता पाहता श्रीमंत होतो, असा लुकियानचा टोमणा आहे. उपहासकाराची साक्ष जपूनच घ्यावयास हवी. परंतु 'दीदाखे'ला ज्या धोक्याची जाणीव होती, तो धोका परक्यांनाही दिसत होता, हे त्यातून स्पष्ट होते. तसेच तुरुंगातल्या पाहुण्याचीही काळजी वाहणारी माणसे या मंडळ्यांत होती, हेही त्याच साक्षीतून कळते.

ओरिगेन : निमंत्रित व्याख्याता

तिसऱ्या शतकात चित्र पालटू लागले. प्रत्येक नगरात बिशप, वडील आणि सेवक अशी स्थायी रचना दृढ झाली आणि फिरत्या संदेष्ट्याची जागा निमंत्रित विद्वानाने घेतली. अलेक्झांड्रियाचा ओरिगेन हे याचे ठळक उदाहरण होय. तो पॅलेस्टाइनमधील कैसरियास गेला असता तेथील बिशपांनी त्याला मंडळीसमोर शास्त्राचे विवरण करावयास लावले. तोपर्यंत त्याला दीक्षा मिळालेली नव्हती. बिशपांच्या उपस्थितीत सामान्य सभासदाने प्रवचन करणे कधी ऐकिवात नाही, असा आक्षेप अलेक्झांड्रियाचा बिशप देमेत्रियस याने घेतला. जेरुसलेमचा अलेक्झांडर आणि कैसरियाचा थिओक्तिस्तस यांनी लारांदा, इकुन्य आणि सिन्नादा येथील पूर्वीचे दाखले देऊन त्याला उत्तर दिले. ही हकीकत इतिहासकार युसेबियस याने नोंदविली आहे. वाद ओरिगेनच्या विद्वत्तेविषयी नव्हता. त्याला बोलू देण्याचा अधिकार यजमानाचा की मूळ मंडळीच्या बिशपाचा, हा खरा प्रश्न होता.

पाहुण्या शिक्षकाची सभा प्रत्यक्षात कशी चाले, याचे दुर्मीळ दर्शन कैरोजवळील तुरा येथे 1941 मध्ये सापडलेल्या पपायरसांतून घडते. त्यांतील ओरिगेन व बिशप हेराक्लिदेस यांचा संवाद जाँ शेरेर यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध केला. येथे यजमान बिशप आपली श्रद्धा मांडतो, ओरिगेन त्याला एकामागून एक प्रश्न विचारतो आणि पिता व पुत्र यांच्या संबंधाविषयी दोघे सहमतीच्या विधानापर्यंत येतात. त्यानंतर इतरांच्या शंका घेतल्या जातात. आत्मा म्हणजे रक्त काय, ही त्यांपैकी एक. चर्चा बंद दाराआड न होता जमलेल्या मंडळीच्या समक्ष होते, ही बाब लक्षणीय आहे.

पारखेकडून परवान्याकडे

चौथ्या-पाचव्या शतकांत हा व्यवहार नियमबद्ध झाला. नायसियाच्या 325 च्या परिषदेने धर्माधिकाऱ्यांच्या एका नगरातून दुसऱ्या नगरात होणाऱ्या स्थलांतरास बंदी केली. खाल्केदोनच्या 451 च्या परिषदेने आपल्या बिशपाचे शिफारसपत्र नसलेल्या परक्या धर्माधिकाऱ्याला अन्य नगरात सेवा करण्यास मनाई केली. इफिसच्या बंधूंनी अपुल्लोसाला दिलेले पत्र त्याला ऐकून आणि शिकवून झाल्यावर दिलेले होते. आता पत्र ही पूर्वअट झाली. यामुळे भोंदूंना आळा बसला आणि दूरदूरच्या मंडळ्यांत एकसूत्रता आली, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याचबरोबर पारख करण्याचे काम श्रोत्यांकडून कार्यालयाकडे गेले. ज्या घराने भाकर वाढली, त्या घराचे मत विचारण्याचे कारण उरले नाही.

समारोप

आद्य मंडळ्यांनी पाहुण्या शिक्षकाविषयी दोन कर्तव्ये एकत्र सांभाळली : त्याचे स्वागत करणे आणि त्याची परीक्षा घेणे. 'दीदाखे'चा क्रमही तोच आहे. येणाऱ्याला प्रथम स्वीकारावे, मग पारखावे. केवळ स्वागत केले तर पेरेग्रिनसासारख्यांचे फावते आणि केवळ दार लावले तर दियत्रफेस निर्माण होतो. शिफारसपत्राने या पेचातून एक सोयीची वाट काढली, पण पत्र वक्त्याची ओळख पटविते, त्याच्या शिकवणीची नव्हे. ती जबाबदारी ऐकणाऱ्यांवरच राहते. इफिसमधील तंबू करणाऱ्या दांपत्याने ती पार पाडली. व्याख्यात्याला निमंत्रण देणाऱ्या कोणत्याही संस्थेला, मग ती मंडळी असो वा विद्यालय, या इतिहासातून एवढा बोध निश्चितच घेता येईल.