पावसाळा सरल्यावरचा मळा : बीडची खजाना विहीर आणि पाण्याची वाट साफ ठेवणारे हात

१/ थंड प्रदेशांत शरद ऋतू आला की माणसे बाग आवरून ठेवतात. बर्फ पडण्यापूर्वी वाळलेली झाडे काढायची, मातीवर पाला अंथरायचा आणि वसंतापर्यंत वाट पाहायची. दख्खनच्या पठारावर याच महिन्यांत नेमकी उलटी लगबग असते. पाऊस सरला की आपली भाजीची बाग खऱ्या अर्थाने उघडते. मेथी, पालक, मुळा, गाजर, कांदा, लसूण ही सारी हिवाळ्याची लेकरे. प्रश्न एकच उरतो : पाऊस थांबल्यावर पाणी कोठून आणायचे? बीड जिल्ह्याचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम ऋतूचे गणित पाहू. हस्त नक्षत्राचा, म्हणजे लोकभाषेतला 'हत्तीचा' पाऊस ओसरतो. मूग, उडीद, बाजरी घरात आलेली असते. कोरडवाहू रानात शाळू पेरला जातो. तो जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर तगतो. भाजीपाल्याला मात्र तेवढे पुरत नाही. म्हणून मळ्यात वेगळी कामे सुरू होतात : हराळी-लव्हाळा खुरपून काढणे, वखराची पाळी देणे, उकिरड्यावरचे कुजलेले शेणखत पसरणे, वाफे बांधणे आणि पावसात गाळाने बुजलेले पाट मोकळे करणे.

३/ घरामागच्या परसातही हेच छोट्या प्रमाणात घडते. दोडक्या-भोपळ्याचे पावसाळी वेल उतरवले जातात. एखादे फळ मात्र वेलावरच वाळू देतात, ते पुढील वर्षाचे बी. बियाणे राखेत घोळून ठेवण्याची रीत जुनी आहे. याच सुमारास आश्विनात घट बसतात. शेतातली माती, त्यात धान्य, वर पाण्याने भरलेला घट आणि नऊ दिवसांत उगवणारे कोंब. या विधीत बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याची जुनी रीत दडलेली आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. विधीचा अर्थ कोणी कसाही लावो. त्याची वेळ मात्र रब्बीच्या उंबरठ्यावरची आहे, हे नजरेआड करता येत नाही.

४/ आता दोन शब्द : जिरायत आणि बागायत. दोन्ही फारसी-अरबी वळणाचे, महसुली दप्तरांतून आपल्या बोलीत रुजलेले. पावसावर पिकते ते जिरायत. पाणी देऊन पिकवले जाते ते बागायत. बागायतीचेही दोन प्रकार दप्तरात नोंदले जात. विहिरीवर मोट चालवून भिजणारी जमीन ती 'मोटस्थळ' आणि पाटाने भिजणारी ती 'पाटस्थळ'. पाण्याच्या वाटेप्रमाणे जमिनीची प्रतवारी आणि साराही बदलत असे. म्हणजे वाफ्यातली मेथी ही राज्याच्या तिजोरीशीही जोडलेली होती.

५/ बीड शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर सोलापूर रस्त्यालगत खजाना विहीर आहे. तिचे बांधकाम हिजरी ९९१, म्हणजे सुमारे इ. स. १५८३ चे. तेव्हा अहमदनगरच्या गादीवर मूर्तजा निजामशाह (पहिला) होता आणि बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. विहिरीचा रचनाकार म्हणून परंपरेने राजा भास्कर हे नाव सांगितले जाते. भुयारातून पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या भुयाराने उताराच्या दिशेने बलगुजार भागातील शेतीकडे जाते. ना मोट, ना बैल. केवळ जमिनीचा चढउतार ओळखून केलेली ही योजना आहे.

६/ या तंत्राचे नातेवाईक दूरवर पसरलेले आहेत. इराणात अशा भूमिगत कालव्यांना 'कनात' म्हणतात आणि त्यांची परंपरा अडीच हजार वर्षांहून जुनी मानली जाते. खजाना विहिरीनंतर काही दशकांतच मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर आणली. बुऱ्हाणपुरात मोगलांच्या काळात कुंडी भंडारा उभा राहिला. या सर्वांत एक तत्त्व समान आहे. पाणी जमिनीखालून नेले की उन्हाने त्याची वाफ होत नाही. कमी पावसाच्या मुलखात हा फायदा फार मोठा ठरतो.

७/ 'खजाना' या नावाची लोककथा अशी : सरकारी खजिन्यात भरायचा पैसा सलाबतखानाने विहिरीवर खर्च केला आणि जाब विचारल्यावर सांगितले की, खजिना या विहिरीत आहे. कथेला कागदाचा आधार असो वा नसो, ती शेकडो वर्षे टिकली, यालाच महत्त्व आहे. लोकांनी या सरदाराच्या लढायांपेक्षा त्याचे पाणी अधिक लक्षात ठेवले.

८/ परंतु इतिहास वाचताना आपली एक सवय नडते. बांधले कोणी, एवढेच आपण विचारतो. राखले कोणी, हे विचारत नाही. भूमिगत कालव्यात गाळ साचतो, मुळे शिरतात, दगड ढासळतात. अशा कालव्यांवर ठरावीक अंतराने जी उघडी तोंडे ठेवलेली असतात, ती हवेसाठी असतात, तशीच माणसाने आत उतरून गाळ उपसावा यासाठीही असतात. म्हणजे बांधणाऱ्यानेच साफसफाई गृहीत धरली होती. सलाबतखानाचे नाव उरले. गाळ उपसणाऱ्या एकाचेही नाव लोकांच्या तोंडी उरलेले नाही.

९/ राखण्याची व्यवस्था कशी असू शकते, याचे उत्तम उदाहरण धुळे-नाशिककडील फड पद्धतीत सापडते. पांझरा, मोसम अशा नद्यांवर लहान बंधारे, त्यांतून निघणारे पाट, आणि त्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे फड. पाणी वाटायला पाटकरी नेमलेला असे, आणि पाटाची साफसफाई व दुरुस्ती लाभधारक शेतकरी मिळून करीत. जो पाणी घेतो त्याने गाळही काढावा, असा तो सरळ न्याय होता.

१०/ मोटस्थळ जमिनीची कथा याहून कठोर आहे. मोट ओढायला बैल लागत. ते विहिरीलगतच्या उतारावरून, म्हणजे धावेवरून, ये-जा करीत. पाणी थारोळ्यात पडून पाटाला लागे. कातडी मोट शिवणारा चर्मकार, नाडा वळणारा मातंग, चाक घडवणारा सुतार यांच्यावाचून एक वाफाही भिजला नसता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ही परस्परावलंबी गावव्यवस्था तपशिलाने उभी राहते. तथापि ज्यांच्या हातांनी मोट आणि नाडा तयार झाला, त्यांतील अस्पृश्य मानलेल्यांना गावविहिरीचे पाणी स्वतः शेंदण्याची बंदी होती. हिवाळी मळ्याच्या हिरवेपणाबरोबर हेही वाचले पाहिजे.

११/ त्या वाफ्यांत काय पिकत होते? येथे सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचे संत सावता माळी आठवतात. त्यांची समाधी इ. स. १२९५ ची. त्यांच्या नावावर सर्वतोमुखी झालेल्या मळ्याच्या अभंगात कांदा-मुळ्याबरोबर मिरचीही येते. मिरची तर मूळची अमेरिकेची; पोर्तुगिजांच्या आगमनानंतर, म्हणजे १४९८ नंतरच ती भारतात आली. तेव्हा अभंगाच्या आजच्या रूपात पुढच्या पिढ्यांचा हात लागला असावा, असा तर्क करता येतो. यात भक्तीला बाधा येत नाही. गाणाऱ्यांनी आपल्या वाफ्यातले नवे पीक देवाच्या नावाशी जोडले, एवढेच त्यातून दिसते.

१२/ महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) लिहिताना गाळाचा प्रश्न थेट हाती घेतला. फौजेतील व पोलिसांतील मोकळ्या मनुष्यबळाकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, पाणी रानात मुरू द्यावे आणि नदीनाल्यांत, तळ्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, असे त्यांनी सुचवले. गाळ पाटात राहिला तर अडथळा; शेतात पडला तर खत. एका सफाईत दोन कामे साधणारा हा विचार त्यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता.

१३/ आता आजचा बीड. आश्विन-कार्तिकात वाफे बांधायचे, त्याच दिवसांत जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. १९७२ च्या दुष्काळाने या जिल्ह्याला जी झळ दिली, तिच्या आठवणी अजून विझलेल्या नाहीत. कोरडवाहू तुकड्यावर हिवाळा निघत नाही, म्हणून कोयता उचलावा लागतो. दुसऱ्याच्या बागायतीतला ऊस तोडायला जाणाऱ्याचे स्वतःचे परस चार-पाच महिने उघडे पडते. ज्याच्या रानाला बारमाही पाणी आहे, त्याला थांबण्याची निवड करता येते. मोटस्थळ, पाटस्थळ आणि जिरायत हा दप्तरातला जुना भेद आजही घराच्या कुलपात दिसतो.

१४/ म्हणून खजाना विहीर पाहायला जाल तेव्हा तारीख आणि नाव टिपून परतू नका. भुयाराचे तोंड कोठे आहे, पाणी कोणत्या दिशेने वाहते, गाळ शेवटचा केव्हा काढला आणि तो कोणी काढला, हेही विचारा. जवळच्या शेतातल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला पाटाविषयी बोलते करा. आपल्या गावातील जुनी विहीर, बारव किंवा पाट यांची अशी माहिती असेल तर या धाग्याखाली अवश्य लिहा. पाट कोण साफ करीत असे, त्यांची नावे सांगता आली तर ती आवर्जून सांगा.